वाचकांचे प्रश्न : सौर पॅनेल, बॅटरी आणि ‘स्मार्ट’ यंत्रणा

प्रश्न : गच्चीवर 3 किलोवॉटची सौर पॅनेल आणि नेट मीटर असूनही दुपारी वीज गेली की आमचे पंखे भर उन्हात बंद पडतात. विक्रेत्याने 5 युनिटांची लिथियम बॅटरी आणि गीझर, पाण्याचा पंप व एसी स्वतःहून चालवणारी ‘स्मार्ट’ यंत्रणा सुचवली असून बिल शून्यावर येईल, असे तो सांगतो. हा खर्च करावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पंखे बंद पडणे हा बिघाड नव्हे. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज जाताच मुद्दाम थांबतो, कारण तो चालू राहिला तर आपल्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत उतरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. वीज नसतानाही घर चालायला हवे असेल, तर घराला बाहेरच्या तारांपासून वेगळे करणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागेल.

बिलाचे गणित वेगळे आहे. नेट मीटरमुळे दुपारी ग्रिडला दिलेली युनिटे रात्रीच्या वापरातून जशीच्या तशी वजा होत असतील, तर तीच वीज बॅटरीत साठवून बिल कमी होत नाही. उलट भरताना आणि वापरताना मिळून 10 युनिटांमागे साधारण 1 युनिट उष्णतेत जाते. वेळेनुसार वेगळे दर लागू असतील, तेव्हा मात्र हे गणित बदलते आणि तेथे यंत्रणेचा खरा उपयोग होतो, पण तोही आधी बॅटरीमुळे नव्हे, तर कामांच्या वेळा बदलल्यामुळे.

25 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.9 युनिट लागते, म्हणजे 5 युनिटांच्या बॅटरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका गीझरमध्ये संपतो. संध्याकाळच्या अंघोळीचे पाणी दुपारीच तापवले आणि गच्चीवरची टाकीही त्याच वेळी भरली, तर हा भार बॅटरीवर येतच नाही. यंत्रणा मुख्य वायरीवरच्या सेन्सरने शिल्लक वीज मोजते, ती पुरेशी असेल तेव्हा पंप किंवा गीझर चालू करते आणि ढग आले की बंद करते. पंप साध्या स्मार्ट प्लगवर लावू नये. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून तेथे काँटॅक्टरच, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा विजेवर चालणारा स्विच, हवा.

माझा सल्ला असा की, आधी इलेक्ट्रिशियनकडून दिवे, पंखे आणि राउटर यांचे सर्किट वेगळे करून घ्यावे. एवढ्या भाराला, म्हणजे सुमारे 400 वॉटला, 2.5 युनिटांची बॅटरीही साधारण पाच तास पुरते. खरेदीपूर्वी दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगाव्यात : इंटरनेट बंद असताना यंत्रणा चालते का, आणि वीज जाण्याच्या शक्यतेसाठी बॅटरीत ठरावीक साठा राखून ठेवता येतो का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती यंत्रणा घेऊ नये.

प्रश्न : जुन्या 150 अँपिअर-अवर ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटरीला नवी लिथियम बॅटरी समांतर जोडता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. दोन्हींचे चार्जिंगचे व्होल्टेज आणि रिकामे होण्याची रीत वेगळी असल्याने भार सारखा वाटला जात नाही. जुनी बॅटरी तिच्या आयुष्यभर वापरावी आणि ती संपल्यावरच, लिथियमसाठी सेटिंग असलेला इन्व्हर्टर पाहून, बदल करावा.