वाचकांचे प्रश्न : वाइनच्या बाटलीचे लेबल

प्रश्न : तुर्भे येथे माझा लहान छापखाना आहे. नाशिकच्या एका वाइनरीसाठी आम्ही पोत असलेल्या, लेप नसलेल्या कागदावर लेबले छापली. मात्र बर्फाच्या बादलीत ठेवल्यावर त्यांच्या कडा सुटतात आणि कागद करडा पडतो. काय करावे? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : दोष छपाईत नसून कागद व गोंदाच्या निवडीत आहे. साध्या कागदाचे तंतू पाणी शोषून फुगतात, म्हणून व्हाइट आणि स्पार्कलिंग (बुडबुड्यांच्या) वाइनसाठी 'वेट स्ट्रेंथ' प्रकारचा, म्हणजे भिजूनही मजबूत राहणारा आणि ओलावा रोखणारा कागदच मागवावा आणि त्यामागचा गोंद थंड, दमट काचेवर धरणारा आहे, याची पुरवठादाराकडून लेखी खात्री घ्यावी. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म पाण्याला अधिक टिकते. परंतु कागदाचा खरखरीत स्पर्श तिच्यात येत नाही आणि माझ्या मते चांगल्या वाइनला तो स्पर्श शोभतो. रेड वाइन बर्फात क्वचितच जाते, तिथे एवढा खर्च नको.

काही शे लेबलांसाठी डिजिटल छपाई परवडते, कारण तिला प्लेट (छपाईचे साचे) लागत नाहीत. हजारोंच्या ऑर्डरला फ्लेक्सो किंवा ऑफसेट ही प्लेटची छपाई स्वस्त पडते. सोनेरी फॉइल व उठाव (एम्बॉसिंग) शेवटी, स्वतंत्र डायने (साच्याने) करावेत. पोत खोल असल्यास बारीक अक्षरांवरचे फॉइल तुटते.

पूर्ण ऑर्डरपूर्वी भरलेल्या बाटलीवर नमुना लावावा, गोंद एक दिवस मुरू द्यावा, मग बाटली बर्फाच्या पाण्यात काही तास बुडवून नमुना अंगठ्याने घासून पाहावा. मद्यार्काचे प्रमाण आणि वैधानिक इशारा ओलाव्यातही वाचता आलाच पाहिजे.