टूम ऑफ द जायंट्समध्ये काहीच दिसत नसेल तर ब्राइटनेस वाढवावा का?

नाही. वाढवू नका.

तुमचा प्रश्न असा की 'डार्क सोल्स'मधल्या या थडग्यात दोन पावलांपुढचं दिसत नाही, तर स्क्रीनचा ब्राइटनेस चढवून खेळलं तर बिघडेल का, आणि तरीही नाही जमलं तर ही लेव्हल गाळून गेम संपवता येते का. गाळता येत नाही. शेवटचं दार उघडायला चारही लॉर्ड सोल्स, म्हणजे चार बॉसकडचे मोठे आत्मे, लागतात आणि त्यातला एक ज्याच्याकडे आहे तो निटो याच अंधाराच्या तळाशी बसलाय. ब्राइटनेसवरून मात्र माझं आणि माझ्या दादाचं कितीतरी वर्षांचं भांडण आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

मी तिथे पहिल्यांदा पोचले ती फार लवकर. फायरलिंक या गेमच्या मुख्य ठाण्याहून सुरुवातीलाच वाटा फुटतात, त्यातली स्मशानाची मी धरली आणि सोडली नाही. कॅटाकोम्ब्जमधले, म्हणजे स्मशानाखालच्या भुयारांतले, सांगाडे पाडले तरी पुन्हा उभे राहतात. आधी त्यांना उठवणारा नेक्रोमॅन्सर शोधून मारायचा, हे उमगायला मला दोन दिवस लागले. उमगल्यावर हुरूप आला, कारण नेक्रोमॅन्सर एकदा मेला की परत येत नाही, म्हणजे मागे टाकलेली वाट आपलीच. तिथला बॉस पिनव्हील पहिल्याच झटक्यात पडला. पुढे टूम ऑफ द जायंट्समध्ये गेले आणि सगळं काळं झालं. कोपऱ्यातली जिवाची पट्टी आणि माझ्या पात्राभोवतीचा हातभर उजेड, एवढंच काय ते शिल्लक. चाचपडत, घसरत खाली उतरले, बॉनफायर (विसाव्याची आग, मेलं की पुन्हा सुरुवात तिथूनच) सापडला, हुश्श करून बसले.

ते बसणंच नडलं. लॉर्डव्हेसल, म्हणजे बरंच पुढे मिळणारं एक भांडं, हाती येईपर्यंत या गेममध्ये एका बॉनफायरवरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. होमवर्ड बोन होते, पण तो माणसाला शेवटच्या बॉनफायरवर नेऊन सोडतो आणि माझा शेवटचा बॉनफायर आता थडग्यातच होता. पुढे जावं तर सोनेरी धुक्याची भिंत, तीही लॉर्डव्हेसल जागेवर ठेवल्याशिवाय विरत नाही. कंदील नव्हता. म्हणजे पुढची वाट बंद आणि मागची दिसत नाही.

दादा मागे उभा राहून बघत होता. त्याने रिमोट उचलला, ब्राइटनेस शेवटपर्यंत नेला आणि म्हणाला, 'ही लेव्हल अर्धवट आहे. डिझायनरला काही सुचलं नाही की तो दिवे घालवतो.' काळ्याचं राखाडी झालं. भिंतीच्या कडा पुसट दिसायला लागल्या खऱ्या, पण ते थडगं राहिलं नाही, धुतलेल्या पाटीसारखं काहीतरी झालं. मी ब्राइटनेस होता तिथे परत आणला. त्यावरून जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

वर यायला मला चार रात्री लागल्या. प्रिझम स्टोन, म्हणजे खुणेचे चमकणारे दगड, होते, थोडेच. एक टाकायचा, त्याच्या ठिपक्यापर्यंत जायचं, पुढचा टाकायचा. कड्यावरून सोडला आणि मोठा आवाज आला तर ती उडी जीव घेणारी, हे दगडाच्या वर्णनातच लिहिलेलं आहे, पण तोवर मी कुठल्याही वस्तूचं वर्णन वाचत नव्हते. त्या चार रात्रींत वाचायला शिकले. दगड संपत आले तेव्हा भिंत कायम डाव्या हाताला ठेवून चालले. लॉक-ऑनचं, म्हणजे शत्रूवर नजर रोखायचं, बटण दर काही पावलांनी दाबायचं. कॅमेरा झटकन कुठे वळला की तिकडे कोणीतरी आहे हे कळतं. चार पायांवर धावणारे ते राक्षसी सांगाडे दिसायच्या आधी ऐकू येतात. दुसऱ्या रात्री मी टीव्हीपेक्षा कानांवरच जास्त खेळत होते.

कॅटाकोम्ब्जमध्ये परत पाऊल पडलं तेव्हा तिथला मळकट उजेडही लख्ख वाटला. तिथून वर फायरलिंक. गवत, ऊन, तेच संथ संगीत. कंट्रोलर मांडीवर ठेवून मी नुसती बसून राहिले. गेममध्ये तोवर मला 'वर' या शब्दाचा अर्थ लागला नव्हता.

माझं म्हणणं साधं आहे. पाताळात उतरणं आणि तिथून परतणं या दोन गोष्टींची किंमत मोजावी लागली नाही, तर ते पाताळ नाही, रंगवलेला पडदा आहे. 2011 मध्येच 'स्कायरिम' आला. त्यातलं ब्लॅकरीच जमिनीच्या पोटात आहे, पण चमकणाऱ्या प्रचंड अळंब्यांनी उजळलेलं. फार देखणं आहे, मी तिथे तासन् तास भटकले आहे, पण भीती म्हणून वाटली नाही. जुन्या 'डायब्लो'त चर्चखाली सोळा मजले उतरत नरकापर्यंत जातो. अंधार तिथेही आहे, पण उजेडाचा घेर आपल्यासोबत चालतो, तो फुकट मिळतो. टूम ऑफ द जायंट्समध्ये उजेड विकत घ्यावा लागतो, आणि मोल सोल्समध्ये, म्हणजे गेमच्या चलनात, नसतं. स्कल लँटर्न, म्हणजे तिथला कंदील, एका हातात धरावा लागतो. तो हात ढालीचा असतो. बघायचं की जीव वाचवायचा, हे तुम्हाला दर वळणावर ठरवावं लागतं. याला अर्धवट काम कसं म्हणायचं? आगीभोवती उभ्या केलेल्या गेममध्ये, पहिल्या मृताच्या, म्हणजे निटोच्या, घरी जाताना आग काढून घेणं हा डोकं लावून घेतलेला निर्णय आहे.

(लॉस्ट इझालिथ या दुसऱ्या लेव्हलबद्दल दादा हेच बोलला असता तर मी मान हलवली असती. तिथे एकाच छापाचे राक्षस लाव्ह्यात ओळीने उभे केलेत, तो भाग खरंच अर्धा राहिलाय. पण त्याला दोन्ही एकाच पारड्यात टाकायचे असतात.)

दुसऱ्यांदा गेले ती लॉर्डव्हेसल घेऊन, कंदील घेऊन. पॅचेस नावाच्या ठगाने खड्ड्यात लाथाडलं, तिथे रिया नावाची धर्मसेविका भेटली आणि तिचेच दोन सोबती हॉलो, म्हणजे भान हरपलेले मृत, होऊन अंगावर आले. अंधारातून बाण येतच होते. ढाल नसल्यामुळे मी रोल करायला नीट शिकले ती तिथेच. आणि मग पुढे एका कड्यावर आले तर खूप खाली लालभडक काहीतरी दिसलं. लाव्हा. डीमन रुइन्स. आणि त्याच पोकळीत अॅश लेकची ती अजस्र झाडं, स्तब्ध. मी दोन्हीकडे वेगळ्या वाटांनी जाऊन आले होते, त्या जागा या थडग्याच्या शेजारी असतील असं कधी मनातही आलं नव्हतं. इतका वेळ काळोखात काढलेल्या डोळ्यांना तो लाल रंग जसा दिसला, तसा राखाडी स्क्रीनवर दिसला नसता. दादाने ही लेव्हल ब्राइटनेस चढवून वीस मिनिटांत उरकली. तो कडा त्याला आठवतच नाही.

आता तुमच्यासाठी. लॉर्डव्हेसल नसेल तर आधी बाहेर पडा, आत्ता निटोपर्यंत पोचता येणार नाही. कंदील नेक्रोमॅन्सरकडून मिळू शकतो, थडग्यातही एक आहे. जादूचं बिल्ड असेल तर ऊलासीलची डस्क 'कास्ट लाइट' हा उजेडाचा मंत्र विकते, त्यात दोन्ही हात मोकळे राहतात. लॉस्ट इझालिथ आधी केलंत तर सनलाइट मॅगट ही चमकणारी अळी डोक्यावर घालता येते, हात तिथेही मोकळे. पण पहिल्या खेपेला कंदीलच घ्या, असं मी म्हणेन. प्रिझम स्टोन मात्र मूठभर न्या, आणि निटोला आगीने मारा.

एक राहिलं. तुमची स्क्रीनच मुळात अंधुक असेल, किंवा कमी उजेडात डोळ्यांना त्रास होत असेल, तर वरचं सगळं सोडा आणि ब्राइटनेस वाढवा. हे दादानेही मला कधीतरी सांगितलं होतं, त्याचे डोळे तेव्हाही दुखायचे. मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

माझं एक पात्र अजून त्या कड्यावरच उभं आहे, गेम चालू केला की समोर तो लाल उजेड येतो. दादा पुढच्या वेळी आला की कंट्रोलर त्याच्या हातात देणार आहे. ब्राइटनेस त्याला हवा तेवढा ठेवून.