तुमचे प्रश्न : फरा आणि दंडाचं हाड

प्रश्न : सर, मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हातात स्कॅप्युला (फरा, खांद्यामागचं पसरट त्रिकोणी हाड) दिला आणि विचारलं उजवा की डावा, मी घाबरून डावा म्हणाले आणि तो निघाला उजवा. ह्युमरसचंही, म्हणजे दंडाच्या हाडाचंही, तेच झालं. घरी सगळं पाठ असतं पण हाड हातात आलं की डोकं रिकामं. काही सोपी युक्ती आहे का?

उत्तर : अगं पाठ करतेस हीच तर गडबड आहे. हाड आधी स्वतःच्या अंगावर शोधायचं, मग हातात घ्यायचं. आत्ता वाचता वाचताच डावा हात उजव्या खांद्यावरून मागे टाक. बोटांना एक आडवी कड लागेल, ती म्हणजे फऱ्याचा स्पाइन, आणि तिच्यावरून बाहेरच्या बाजूला सरकत गेलीस की खांद्याच्या माथ्यावरचा सपाट भाग लागतो, तो अक्रोमियन. म्हणजे ही कड कायम पाठीकडे, हे आता तुझ्या बोटांनाच कळलं, पाठ करायची गरज उरली नाही. दुसरी खूण म्हणजे खालचं निमुळतं टोक, हात लोंबता असताना ते साधारण सातव्या बरगडीपाशी येतं. आणि तिसरी ती उथळ बशी, ग्लेनॉइड, जिच्यात दंडाचा गोळा टेकतो, ती बाहेरच्या अंगाला. आता हाड असं धर की कड तुझ्या तोंडाकडे आणि टोक खाली, म्हणजे तू कुणाच्या तरी मागे उभी राहून त्याची पाठ बघतेयस असं समज. बशी उजवीकडे आली तर उजवं, डावीकडे आली तर डावं, संपलं.

दंडाच्या हाडाला पण हीच पद्धत. गोळा वर ठेव. खालच्या टोकाला एका बाजूला मोठा खोल खड्डा आहे, हात सरळ केला की कोपराचं टोक त्यात जाऊन बसतं, म्हणजे तो खड्डा मागच्या बाजूचा. तो स्वतःकडे कर. आता गोळा डावीकडे बघत असेल तर हाड उजवं! इथेच बहुतेक पोरं घसरतात, कारण फऱ्याची बशी बाहेर बघते आणि दंडाचा गोळा आत, दोघं समोरासमोर बसायचे म्हटल्यावर तोंडं उलट असणारच ना. हे एकदा डोक्यात बसलं की परत चुकणार नाहीस.

आणि व्हायवाचाच विषय आहे तर अजून एक. ह्युमरसला माना दोन आहेत. गोळ्याच्या कडेने जी बारीक खाच जाते ती अ‍ॅनाटॉमिकल नेक, आणि गोळ्याशेजारी जे दोन उंचवटे आहेत त्यांच्या खाली हाड जिथे अरुंद होतं ती सर्जिकल नेक. परीक्षक पुढे विचारणारच की दुसरीला सर्जिकल का म्हणतात, तर हाड नेहमी मोडतं तिथे म्हणून. तिच्या मागून अ‍ॅक्सिलरी नर्व्ह नावाची नस जाते आणि डेल्टॉइडला, म्हणजे खांद्यावरच्या गोलसर स्नायूला, तीच चालवते. खांद्याला मार लागलेल्या पेशंटच्या दंडाच्या वरच्या बाहेरच्या कातडीला हात लावून 'इथे कळतंय का' असं डॉक्टर विचारतात ते याच नसेसाठी.

प्रश्न : माझा खांदा खेळताना दोनदा निखळलाय. खुब्याचा सांधा पण गोळ्याचाच ना, मग तो असा निखळत नाही, खांदाच का?

उत्तर : कारण खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलाय आणि खांद्याचा नुसता बशीला टेकलाय. कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग बशीला लागलेला असतो. बशीच्या कडेला लॅब्रम नावाची एक गादीसारखी रिंग आहे, तिने थोडी खोली वाढते, पण गोळा खरा जागेवर धरून ठेवतात ते स्नायू. रोटेटर कफ म्हणतात ते चार स्नायू फऱ्यावरून निघतात आणि गोळ्याशेजारच्या उंचवट्यांवर चिकटतात, तीन मोठ्यावर आणि एक लहानावर. या व्यवस्थेमुळेच तर आपण हात पाठीमागे, डोक्यावर, कुठेही नेऊ शकतो, खुब्याला जमेल का ते? त्याची किंमत ही अशी भरावी लागते.

शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास खांदे पुढच्या बाजूला निखळतात. हात वर आणि बाहेर वळलेला असताना, म्हणजे चेंडू फेकायच्या पोझिशनमध्ये, मागून झटका बसला की गोळा पुढे सरकतो आणि त्याची मागची बाजू बशीच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडतो. दोन रेडिओलॉजिस्टनी 1940 मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला हिल-सॅक्स लीजन म्हणतात. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण तरुणपणी निखळलेला खांदा परत निखळायची शक्यता बरीच जास्त असते, आणि तुमचा तर दोनदा झालाय, तेव्हा तिसऱ्यांदाची वाट बघू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून एमआरआयचं विचारा. आणि मैदानावर मित्राला हात खेचून बसवायला लावत असाल तर प्लीज नको, नस दुखावली जाते.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे, सडपातळ. पुश-अप मारताना त्याचे फरे पंखासारखे बाहेर येतात. काळजीचं आहे का?

उत्तर : ताई, आधी एक गंमत सांगतो. फरा छातीच्या पिंजऱ्याला हाडाने कुठेच जोडलेला नाही. अक्रोमियनपाशी हासळीच्या हाडाशी, म्हणजे कॉलर बोनशी, एक छोटासा सांधा, आणि ते हाड पुढे छातीच्या मधल्या हाडाला, बस. बाकी सगळा फरा सतरा स्नायूंच्या तावडीत बरगड्यांवरून घसरत असतो, आणि तो घसरतो म्हणूनच हात पूर्ण वर जातो. 180 अंशातले साधारण 120 खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 फरा फिरल्यामुळे.

त्याला बरगड्यांना चिकटवून धरणारा मुख्य स्नायू सेरॅटस अँटिरिअर. तो कमजोर असला की फऱ्याची आतली कड वर उचलली जाते. वाढत्या वयातल्या बारीक मुलांत दोन्हीकडे थोडंफार सारखंच दिसत असेल आणि दुखत नसेल तर मला तरी घाबरण्यासारखं वाटत नाही, व्यायामाने सुधारतं. पण त्याला भिंतीसमोर उभं करा, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून ढकलायला सांगा आणि मागून बघा. एकच फरा ठळक बाहेर येतोय, किंवा तो हात डोक्यावर नेताना अडतोय, किंवा हे अचानक सुरू झालंय असं असेल तर दाखवून घ्या. कारण त्या स्नायूची नस छातीच्या कडेने बरीच लांब उतरते, जड सॅक खांद्यावर सतत घेऊनसुद्धा ती दुखावलेली असू शकते.

प्रश्न : वडिलांचं दंडाचं हाड मधोमध मोडलंय. पण डॉक्टर सारखं मनगट वर करायला सांगतात, आणि ते होत नाहीये. दंड मोडला, मनगटाचा काय संबंध?

उत्तर : सगळा संबंध आहे, आणि डॉक्टर अगदी बरोबर तपासतायत. दंडाच्या हाडाच्या मागच्या बाजूने तिरकी एक पन्हाळ जाते, तिच्यातून रेडियल नर्व्ह अगदी हाडाला लागून खाली उतरते, आणि मनगट, बोटं वर उचलणारे स्नायू तिच्याच ताब्यात. हाड तिथे मोडलं की ती ताणली जाते किंवा चेपली जाते आणि मनगट लोंबतं, त्यालाच रिस्ट ड्रॉप म्हणतात. घाबरू नका, कातडी न फाटता मोडलेलं असेल तर बऱ्याच जणांत ही नस तुटलेली नसते, नुसती गप्प झालेली असते आणि काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत हळूहळू परत येते. तोपर्यंत मनगट लोंबत ठेवायचं नाही, स्प्लिंट (आधाराची पट्टी) लावून सरळ ठेवायचं आणि बोटं दुसऱ्या हाताने रोज हलवायची नाहीतर ती आखडतात. पहिली हालचाल परत कधी दिसली ती तारीख लिहून ठेवा, फॉलो-अपला डॉक्टर तेच विचारतील.

प्रश्न : कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंट लागतो तो हाडातून येतो का?

उत्तर : नाही हो, हाड बिचारं निर्दोष आहे. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला आतल्या अंगाला जो टणक उंचवटा लागतो ना, त्याच्या मागून अल्नर नर्व्ह जाते, वर फक्त कातडी, गादी काहीच नाही. ठोका बसतो तिला. म्हणून झिणझिण्या कोपरात न थांबता करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटापर्यंत जातात. पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा, अंगठ्याला काही होत नाही.