भातुकली कोणाची, नंदी कोणाचा?

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला आमची सात वर्षांची मुलगी लाकडी नंदी ओढत बोजारा (खाऊ-पैसे) मागायला घरोघरी फिरली आणि साडेचार वर्षांचा मुलगा तिची पितळेची भातुकली मांडून घरीच रमला. ‘पोरगा चुलीपाशी अन् पोरगी बैलापाशी, हे काय लक्षण?’ असे सासूबाई म्हणाल्या. ही आवड उपजत असते का? मुलांना अडवावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : अडवू नये, हे आधीच सांगते. उपजत काहीच नसते, असे मी म्हणणार नाही. जन्मापूर्वी अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढलेल्या मुलींचा ओढा गाड्यांकडे अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. परंतु मूल काही मागण्याच्या आधीच आपण त्याच्या हाती काहीतरी देत असतो. 1976 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा महिन्यांचा एकच मुलगा काही मातांपुढे मुलाच्या, तर काहींपुढे मुलीच्या कपड्यांत आणला गेला. त्याला मुलगी समजणाऱ्या मातांनी बाहुली अधिक पुढे केली.

आपल्या विदर्भातही खेळांची वाटणी कामांच्या वाटणीवरूनच झाली. शेतात निंदण आणि कापूस वेचणी बायकांनी करायची, औत-बैल मात्र पुरुषांकडे. म्हणून नंदी मुलांचा ठरला आणि भुलाबाईची सासर-माहेरची गाणी मुलींच्या वाट्याला आली. (बैलांच्या वैरणपाण्याचे कष्ट घरच्या बायकाही काढतातच, तरी मान बैल हाकणाऱ्याचा.) घरातील वाटणी तर आजही फारशी बदललेली नाही. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर पुरुष 97. दोन-तीन वर्षांचे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागते आणि घरात कोण काय करते, हे निरखूनही आपला खेळ निवडते. म्हणून खेळणी बदलण्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की पोळी लाटताना, ताटे विसळताना मुलांना त्यांचे बाबाही रोज दिसावेत.

सासूबाईंशी वाद घालू नका. मुलाला मुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा द्या आणि आजीला जेवायला बोलवायला सांगा. इवल्याशा ताटलीत तो आधी कोणाला वाढतो आणि ‘आजी, अजून घे’ असा आग्रह कसा करतो, हे त्यांना समोर बसून पाहू द्या.