पिसू खरंच कातडीत घुसून राहते का? सुईने काढावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्याचं, घरच्या सुईने मुळीच नाही.

मी परजीवी कीटक शिकवते. एरवीच्या पिसवा चावतात, रक्त पितात आणि उडी मारून जातात. कातडीतच बिऱ्हाड करते ती तुंगा पेनेट्रान्स, म्हणजे जिगर पिसू. आकाराने जेमतेम १ मिलिमीटर. मादी डोकं पुढे घालून आत शिरते, तेही बहुतेक पायातच: नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात, टाचेला. एक-दोन आठवड्यांत ती फुगून वाटाण्याएवढी होते. भिंगाखाली पांढरट गोल फुगवटा दिसतो आणि मधोमध काळा ठिपका. विद्यार्थी त्या ठिपक्याला हमखास डोकं समजतात. ते असतं तिचं मागचं टोक! श्वास, विष्ठा, अंडी, सगळा व्यवहार त्या एवढ्याशा भोकातून चालतो. शंभराहून जास्त अंडी जमिनीवर सांडतात आणि चार ते सहा आठवड्यांत ती आतच मरते.

सुईने टोकरलं की ती फुटते, तुकडे आत राहतात, जखम चिघळते. धनुर्वाताची भीती असतेच. एकच सुई घरभर फिरली तर कावीळ ब किंवा एचआयव्हीही पसरू शकतो. हे मी कळकळीने सांगतेय, कारण जिथे ही पिसू आहे तिथे लहान मुलांच्या पायांवर नेमकं हेच केलं जातं. काढायचीच तर डॉक्टरांकडून, निर्जंतुक हत्यारांनी, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

त्याहून चांगला उपाय म्हणजे डायमेथिकोन, उवांसाठी वापरतात ते पातळ सिलिकॉन तेल. ते त्या काळ्या ठिपक्यावरच सोडायचं. तेल भोकात झिरपतं, तिचा श्वास कोंडतो आणि कातडीला धक्काही लागत नाही. केनियातल्या मुलांवरच्या चाचणीत ते पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवण्यापेक्षा बरंच सरस ठरलं.

ही पिसू मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. १८७२च्या सुमारास ब्राझीलहून अंगोलाला आलेल्या जहाजातून ती आफ्रिकेत उतरली, असं मानतात. तिची पिल्लावळ कोरड्या मातीत आणि वाळूत वाढते. डुकरं, कुत्री, उंदीरही तिला चालतात. म्हणून तिथे बंद बूट घालावेत आणि रोज संध्याकाळी पाय नीट तपासावेत.

तुम्ही या भागांत कधी गेलाच नसाल, तर पायावरचा असा ठिपका बहुधा चामखीळ किंवा कुरूप निघेल. गेला असाल, तर डॉक्टरांना प्रवासाचं आधी सांगा. ज्यांनी ही पिसू कधी पाहिली नाही, त्यांना ती ओळखू येत नाही.