मध्ययुगीन मेजवानीत मुलांना कुठे बसवावे आणि काय वाढावे?

आपल्या गटाची चौदाव्या शतकातील इंग्लंडच्या धर्तीवरची मेजवानी आहे, 80 पाने आहेत, त्यांत 14 मुले आहेत, आणि मुलांचे टेबल वेगळे मांडावे का व त्यांना काय वाढावे, असे आपण विचारले आहे. मी अमेरिकेत राहते आणि 1966 साली बर्कली येथे सुरू झालेल्या, मध्ययुगीन जीवन हौसेने पुन्हा उभे करणाऱ्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रोनिझम’ या संस्थेच्या स्थानिक शाखेत काही वर्षे मुदपाकखाना सांभाळते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

पदार्थांच्या आधी वेळ ठरवा. ही मेजवानी तीन फेऱ्यांत वाढली जाते, मधल्या वेळात गाणी आणि मानसन्मान होतात, आणि सगळे आटोपायला अडीच तास सहज लागतात. मी पहिल्यांदा जबाबदारी घेतली तेव्हा पहिली फेरीच पाऊण तास उशिरा निघाली. मुलांनी तोवर पाव-लोण्यावर पोट भरले, आणि भाजलेले मांस बाहेर आले तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा अंगरख्यासकट बाकाखाली झोपी गेला होता. मुठीत पावाचा कडक तुकडा तसाच होता. आपल्याकडे लग्नात मुलांची पंगत आधी उठवतात ते उगीच नाही. मोठ्यांचे हात धुण्याचे सोपस्कार चालू असतानाच मुलांच्या पुढ्यात गरम अन्न आले पाहिजे, आणि ते यजमानांशी आधीच बोलून ठरवले पाहिजे.

मुलांसाठी बाहेरून पिझ्झा मागवावा, असे कोणीतरी सुचवेलच. कृपया तसे करू नका. मुलेही हौसेने पोशाख करून आलेली असतात; त्यांच्यापुढे निराळे खोके ठेवले की त्यांना मेजवानीतून उठवल्यासारखेच होते. शिवाय गरजही नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमारास संकलित केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकपुस्तकात ‘मॅकरून्स’ नावाची कृती आहे: कणीक पातळ लाटायची, तुकडे कापायचे, उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि वर-खाली किसलेले चीज व वितळलेले लोणी घालायचे. (बदामाच्या मॅकरूनशी या पदार्थाचा संबंध नाही.) ही थाळी मुले न सांगता संपवतात. त्याच पुस्तकातली सफरचंदाची ‘अॅपलमॉय’ ही लापशीही त्यांना आवडते. अडचण येते ती मांसाच्या रश्शांची, कारण दालचिनी, सुंठ आणि आंबट द्राक्षरस यांचा मेळ लहान जिभेला रुचत नाही. म्हणून रस्सा घालण्यापूर्वीच मुलांच्या वाट्याची कोंबडी बाजूला काढावी आणि रस्सा वाटीत वेगळा द्यावा. प्रमाण म्हणाल, तर दहा वर्षांखालील दोन मुलांमागे मी एका मोठ्या माणसाचा वाटा धरते. पाव मात्र पूर्ण धरते.

आता सर्वांत गंभीर भाग. त्या काळी उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासकाळात, दूध व अंडीही. त्यामुळे बदामाचे दूध असंख्य पदार्थांत येते. मूळ कृतीप्रमाणे केली तर अॅपलमॉयमध्येही ते आहेच. मासे वगळले की हे उपवासाचे पदार्थ शाकाहारी कुटुंबांना फार सोयीचे होतात, पण सुक्या मेव्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला तेच घातक ठरतात, आणि पांढऱ्याशुभ्र रबरबाटात बदाम डोळ्यांना दिसत नाही. नाव नोंदवतानाच प्रत्येक पालकाला अॅलर्जी विचारा, प्रत्येक पदार्थाचे सर्व घटक ठळक अक्षरांत लिहून टेबलावर ठेवा, आणि त्या मुलाचे अन्न वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने, सर्वांत आधी करा. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, पदार्थात शिजवलेलाही नाही. लहानग्यांना अख्खी द्राक्षे किंवा अख्खे बदाम देऊ नयेत, घशात अडकतात.

बसण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सात वर्षांखालील मूल आईवडिलांशेजारीच बसावे. त्यांच्यासाठी टेबलाची टोके राखून ठेवा, म्हणजे मध्येच उठता येते. ही टोके बाहेरच्या दाराजवळची असावीत, मुदपाकखान्याच्या दाराजवळची कधीही नसावीत, कारण तिथून उकळते हंडे बाहेर येतात. बाकांना पाठ नसते, तेव्हा अगदी लहानांसाठी घरची उंच खुर्ची आणायला सांगून तिच्यावर जाडे कापड टाकावे. कोणाला खटकत नाही. लोंबत्या बाह्या आणि उघड्या मेणबत्त्या एकत्र येऊ देऊ नका. मुलांजवळ बॅटरीचे दिवे लावा.

सात ते बारा वर्षांच्या मुलांचे टेबल मात्र जरूर वेगळे मांडा, सोबत एक मोठे माणूस द्या, आणि त्यांना काम द्या. उमराव घराण्यांतील मुले साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या उमराव घरी ‘पेज’ (शिकाऊ सेवक) म्हणून जात आणि मेजावर वाढायला शिकत, त्यामुळे ही सोय त्या काळाला धरूनच आहे. पाव वाटणे, मीठ फिरवणे, हातांवर पाणी घालणे एवढे पुरे. गरम काहीही नको. गेल्या खेपेस आठ वर्षांची एक मुलगी जीभ दातांत धरून, दोन्ही हातांनी सुरई तोलत मानाच्या टेबलावर प्रत्येकाच्या हातांवर पाणी घालत होती, आणि तिचा धाकटा भाऊ खाली परात धरून उभा होता. त्या दोघांना आम्ही आधीच जेवू घातले होते. आपणही पेज मुलांचे जेवण फेरी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास उरकून घ्या.