मुळशीत दोन केबिन बांधून भाड्याने दिल्या तर परवडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आयटीत नोकरी, हाताशी 40 लाख, मुळशी-ताम्हिणीकडे 20 गुंठे बघून ठेवलेत. त्यावर दोन ए-फ्रेम (छप्पर जमिनीपर्यंत उतरतं अशा तिकोनी) केबिन बांधून एअरबीएनबीवर टाकायच्या, तर परवडेल का?

मी हेच करून बसलोय, 2019 पासून, धरणाच्या मागच्या अंगाला. परवडतं, पण एजंट सांगतो तसं नाही. त्याचा हिशोब 365 रात्रींचा असतो आणि आपल्याकडे गिऱ्हाईक येतं शुक्रवारी-शनिवारी. वर्षाच्या 104 रात्री झाल्या. त्यातून मुलांच्या परीक्षा, एप्रिल-मेचं ऊन आणि रेड अलर्टमुळे रद्द झालेले शनिवार वजा करा. माझ्या एका केबिनला 75 च्या आसपास उरतात. सहा हजार रात्रीचे धरले तर दोन केबिनचे नऊ लाख, मधल्या वारी लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांचे दीड लाख. त्यातून राखणदार जोडप्याचा पगार सव्वादोन लाख, प्लॅटफॉर्मचं कमिशन दीड लाख, वीज-गॅस-चादरी एक लाख आणि पावसाआधी-पावसानंतरची डागडुजी सव्वा लाख. हातात साडेचार लाख. माझे जमिनीसकट पंचावन्न लाख गेलेत, म्हणजे मुदतठेवीपेक्षा जरासं बरं. जमिनीचा भाव वाढला तर तो वेगळा फायदा, पण तो केबिन न बांधताही मिळाला असता! तुमच्या 40 लाखांत जमीनही धरली असेल तर सुरुवातीला एकच केबिन करा.

आता पाऊस. माझी सगळ्यात महागडी चूक इथेच झाली. फोटोत तळं दिसावं म्हणून काचेची आख्खी भिंत पश्चिमेला काढली. पहिल्याच जूनमध्ये पाऊस आडवा आला. काचेच्या फटींतून पाणी आत, खालची पाइनच्या फळ्यांची जमीन फुगली, गाद्यांना बुरशी, प्लायवूडच्या कपाटाचं तर दारच उघडेना. आमचा राखणदार, त्याला सगळे मामाच म्हणतात, भिजलेल्या फळ्या उचलता उचलता म्हणाला, "सायेब, पावसाकडं तोंड करून घर कोण बांधतं?" गावातली जुनी घरं मी रोज बघत होतो. बुटकी, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील अशा, पुढे पडवी, वाऱ्याच्या अंगाला जवळजवळ बंद. त्यातलं एकही डोक्यात शिरलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी काचेपुढे आठ फूट पडवी काढली आणि केबिनच्या वरच्या बाजूने दगडी चर खणून पाणी वळवलं. मगच जरा झोप लागली. ए-फ्रेमचं छप्परच भिंत असते, त्यामुळे पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूपाशी गळण्याची जागा तयार होते, हेही लक्षात असू द्या. पावसाळ्यात वीज तीन-चार दिवस जाते, तेव्हा इन्व्हर्टर मोठा घ्या.

उताराबद्दल थट्टा नको. 1:5 पेक्षा जास्त उतार असेल तर तिथे बांधकामाचा विचारच सोडा. परवानगी मिळत नाहीच. आणि सपाट जागा करायला डोंगराचा पायथा कापू नका. पावसात दरड कोसळली तर काय होतं, हे माळीण (2014), तळीये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) आठवलं तर सांगावं लागत नाही. या तिन्ही दुर्घटना जुलैतल्याच.

कागदपत्रांचं सांगतो. शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असायला हवं. वडिलांच्या नावे गावाकडे सातबारा असेल तर शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. नसेल तर बिनशेती झालेलाच प्लॉट बघा. सातबाऱ्यावरचं नाव सगळेच वाचतात, तुम्ही त्यातला "इतर हक्क" हा रकाना वाचा. डोंगराळ भागात तिथे कधी कधी खासगी वनाचा शेरा असतो. 1975 च्या कायद्याने अशा जमिनी सरकारजमा झाल्या आहेत, त्यामुळे तसा शेरा दिसला की मागे फिरा. भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन एजंट "करून देतो" म्हणाला तरी नाही म्हणा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा जुलै 2024 चा मसुदा लोकांना घाबरवायला वापरला जातो. त्याचा रोख खाणी आणि मोठ्या बांधकामांवर आहे, दोन केबिनवर नाही. महाबळेश्वर-पाचगणीचं मात्र वेगळं. ते 2001 पासून संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, तिकडचे नियम कडक, म्हणून मी तिकडे गेलोच नाही.

पाहुणे चांगला शेरा लिहितात तो तळ्याबद्दल कमी आणि मामांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या, पिठलं-भाकरीबद्दल जास्त. मामा-मावशींना पगार देतो, शिवाय जेवणाचे सगळे पैसे त्यांचेच, त्यात माझा हिस्सा नाही. माझ्या मते या धंद्यात मी घेतलेला एकमेव हुशारीचा निर्णय तोच. रात्री दोनला बोअरची मोटर बंद पडली किंवा बाथरूममध्ये फुरसं निघालं, तर पुण्याहून मी काय करणार?

एकदा मात्र मामांचाही इलाज चालला नाही. पाहुण्यांनी स्पीकर लावून रात्रभर दंगा केला, आणि सकाळी शेजाऱ्याने आमच्या वाटेत आडवा चर खणला. वाट त्याच्या शेतातून जात होती, कागदावर काहीच नव्हतं. तीन आठवडे धंदा बंद. शेवटी सरपंचांच्या ओट्यावर बसून बोललो, पैसे देऊन रस्त्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घेतला, आणि आता दहानंतर स्पीकर दिसला की मामा तो सरळ उचलून घरी नेतात.

तुम्ही प्रश्नात व्ह्यू लिहिलाय, पाणी लिहिलंय, रस्ता लिहिलेला नाही. इसार देण्याआधी गट नंबर महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या साइटवर टाकून वाट कुणाच्या गटातून जाते ते बघा. आणि जुलैत एकदा, जोराचा पाऊस चालू असताना, आपली गाडी घेऊन तिथपर्यंत जा. ती चिखलात रुतली तर ट्रॅक्टरवाला पाचशे रुपये घेतो.